चार जीबीच्या लॅपटॉपवर जावा

जावा म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. पहिल्या रात्री माझा त्यातला प्रोग्राम चालला नाही, आणि त्याचं कारण प्रोग्राममध्ये नव्हतंच. नोटपॅडमध्ये पाच ओळी लिहिल्या, फाइलला हॅलो डॉट जावा असं नाव दिलं, सेव्ह केलं, आणि तिच्या मागे डॉट टीएक्सटी चिकटलं, जे दिसतही नाही कारण विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं. दीड तास मी त्या पाच ओळी परत परत वाचल्या, कंस मोजले, अर्धविराम मोजले, सगळं पुस्तकातल्यासारखंच होतं. शेवटी एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनवर टिक केली तेव्हा ते टीएक्सटी दिसलं. जो कोण जावा सुरू करतोय त्याने सगळ्यात आधी ती टिक करावी, बाकी सगळं नंतर.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. खाण चालू होती तेव्हा काट्यावर होतो, म्हणजे वजनकाट्यावर, टिपर भरून आला की ग्रॉस घ्यायचं, रिकाम्या गाडीचं टेअर त्यातून वजा करायचं, नेटची पावती फाडायची, पुढची गाडी. २०१२ साली सगळं पहिल्यांदा बंद पडलं, मधे काही वर्षांनी थोडं चालू झालं, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये खाणी परत बंद. दोन्ही वेळा मी घरी. आता एका हार्डवेअरच्या दुकानात बिलिंग बघतो. पण काट्यावरचं ते सॉफ्टवेअर, बटण दाबलं की पावती येते, ते आतून कसं चालत असेल हे डोक्यातून कधी गेलंच नाही, आणि २०२४ च्या पावसाळ्यात, वय ३८, ठरवलं की शिकायचं. जावाच का, तर भाचीच्या कॉलेजात जावा होती, तिची पुस्तकं घरात होती आणि अडलं तर विचारायला माणूस होतं. एवढंच कारण. पण मला वाटतं सुरुवात करणाऱ्याला हे कारण पुरतं, शेजारी विचारायला माणूस असणं ही कुठल्याही टूलपेक्षा मोठी गोष्ट आहे.

लॅपटॉप जुना, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, एसएसडी नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. आणि आमच्याकडे जून-जुलैत वारा सुटला की कुठं तरी माड नाय तर आंब्याची फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते, लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची रेंजपण जाते. हे मुद्दाम सांगतोय कारण कुठलं टूल घ्यायचं हे शेवटी ह्याच गोष्टींनी ठरलं, कोणाच्या शिफारशीने नाही.

तर टीएक्सटीचं सुटलं, पुढं कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत, जावासी टाइप केलं, उत्तर आलं, इज नॉट रेकग्नाइज्ड. मला कळेना, जावा तर मी टाकली होती, जावा डॉट कॉमवरून, हिरवा टिक दिसला होता. भाचीला फोन केला.

"मामा, तू काय डाउनलोड केलंस, जेआरई की जेडीके?"

"जावा डाउनलोड केली."

"ती नुसती चालवायची जावा, लिहायची नाही."

हा फरक नंतर मी माझ्याच भाषेत असा लावून घेतला. गावच्या जत्रेत नाटक बघायचं तर मांडवात एक खुर्ची मिळाली की झालं, पण नाटक बसवायचं तर तालीम, पेटी, तबला, रंगपेटी, पडदे, सगळं लागतं. जेआरई म्हणजे खुर्ची, तयार प्रोग्राम चालवण्यापुरती. जेडीके म्हणजे सगळं सामान, त्यात जावासी असतो, जो आपण लिहिलेलं कम्पाइल करून, म्हणजे जावाला चालवता येईल अशा रूपात बदलून, क्लास फाइल बनवतो, आणि ती चालवणारी जावासुद्धा त्यातच असते. त्या साइटवर जे मिळतं ते चालवणाऱ्यांसाठी असतं आणि ती जावा ८ असते, २०१४ साली आलेली. चूक कोणाची नाही, पण नवा माणूस जावा असा शब्द शोधून जातो तो सरळ तिथंच पोचतो, म्हणून शोधताना जेडीके हाच शब्द टाका.

आता जेडीके शोधायला गेलो तर एक नाही, दहा. ओरॅकलचा जेडीके, टेमुरिन, अमेझॉनचा कोरेटो, अझूलचा झुलू, मायक्रोसॉफ्टचा, लिबेरिका. ह्याने मी दोन रात्री अडकलो, कारण मला वाटलं ह्या दहा वेगवेगळ्या जावा आहेत आणि चुकीची घेतली तर शिकलेलं वाया जाईल. तसं नाहीय. जावा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केली, २००६-०७ मध्ये सनने तिचा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली खुला केला, तो ओपनजेडीके, आणि २०१० मध्ये सन ओरॅकलने घेतली. वरचे सगळे जेडीके त्या एकाच ओपनजेडीकेच्या कोडमधून बांधलेले आहेत. एकाच गिरणीचं पीठ, पिशव्या वेगळ्या. शिकणाऱ्याला ह्यातला कुठलाही चालतो, खरंच कुठलाही.

मी टेमुरिन घेतला, एक्लिप्स फाउंडेशनच्या अडॉप्टियम प्रोजेक्टचा. कारण लायसन्स. इथं थोडं थांबतो, कारण फुकट ह्या शब्दाने मला बराच त्रास दिला. माझ्या मनात होतं की कधी तरी काट्याचा छोटा प्रोग्राम लिहून तो कोणाला तरी विकेन, भंगारवाले आहेत, काजूवाले आहेत, वजन सगळ्यांनाच करावं लागतं. मग उद्या कोण येऊन म्हणाला की आमच्या जेडीकेवर लिहिलंस, पैसे टाक, तर? वाचत गेलो तसं कळलं की फुकट दोन प्रकारचं असतं. एक, आज पैसे घेत नाही. दुसरं, लायसन्सनेच मोकळं केलेलं. ओरॅकलच्या जेडीकेचे नियम मधल्या वर्षांत बदलत गेले, २०१९ च्या एप्रिलपासून जावा ८ चे नवे अपडेट धंद्यात वापरायला पैसे लागू झाले, मग २०२१ मध्ये जावा १७ आली ती परत सगळ्यांना फुकट, पण त्या १७ चेसुद्धा नवे अपडेट सप्टेंबर २०२४ नंतर वेगळ्या लायसन्सखाली गेले. ह्यात लपवाछपवी काही नाही, सगळं लिहिलेलं असतं, पण दर वेळी वाचून तारीख लक्षात ठेवावी लागते. टेमुरिन जीपीएल व्हर्जन दोन आणि क्लासपाथ एक्सेप्शन असा येतो. हा एक्सेप्शन म्हणजे माझ्या भीतीचं उत्तर होतं, तुम्ही त्यावर लिहिलेला प्रोग्राम तुमचा, तो फुकट वाटायची किंवा त्याचा कोड उघडा करायची सक्ती तुमच्यावर येत नाही. त्या दिवशी मला मोकळं वाटलं.

व्हर्जन २१ घेतली, कारण ती एलटीएस, म्हणजे जिला पुढची बरीच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात. दर सहा महिन्यांनी नवी जावा येते पण एलटीएस थोड्याच, ८, ११, १७, २१, आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५. आज सुरू करणाऱ्याने २५ घ्यावी. मी तेव्हा २१ घेतली आणि अजून तीच चालवतो, शिकण्यात काही अडलं नाही.

डाउनलोड दोनशे एमबीच्या आसपास, ते माझ्या हॉटस्पॉटवर दोनदा अर्ध्यात तुटलं. शेवटी भाचीने तिच्या हॉस्टेलात झिप फाइल उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली, मी ती सी ड्राइव्हमध्ये उघडली आणि पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम कुठं कुठं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, तिच्या बिन फोल्डरचा पत्ता हाताने जोडला, सगळ्यात शेवटी. आता जावासी चालला. क्लास फाइल झाली. आनंद झाला आणि लगेच जावा हॅलो मारलं तर भली मोठी एरर, अनसपोर्टेड क्लास व्हर्जन, त्यात ६५ आणि ५२ असे आकडे.

हे प्रकरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण नंतर चार जणांच्या मशीनवर मी अगदी हेच बघितलं. माझ्या लॅपटॉपवर दोन जावा होत्या. जुनी ८ आणि नवी २१. कमांड दिली की विंडोज पाथच्या यादीत वरून खाली शोधत येतं आणि पहिला सापडेल तो चालवतं. जुन्या जावामध्ये जावासी नव्हताच, म्हणून कम्पाइल करायला नवी मिळाली, पण चालवायला जावा म्हटलं की यादीत वर जुनी बसलेली, तीच पुढं आली. आणि जुन्या जावाला नवी क्लास फाइल वाचता येत नाही. त्या आकड्यांचा हिशेब सोपा आहे, जावाच्या व्हर्जनमध्ये ४४ मिळवायचे, ८ म्हणजे ५२, १७ म्हणजे ६१, २१ म्हणजे ६५. म्हणजे ती एरर मला स्वच्छ सांगत होती की फाइल २१ ने बनवलीय आणि वाचायला ८ बसलीय, मला वाचता येत नव्हतं इतकंच. व्हेअर जावा अशी कमांड मारली की पाथच्या यादीत कुठं कुठं जावा आहे ती ओळीने दिसते. मारली, दोन ओळी आल्या, जुनी कंट्रोल पॅनेलमधून काढून टाकली, आणि हॅलो आलं स्क्रीनवर. रात्रीचे साडेअकरा, बाहेर पाऊस, आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली बरं झालं बाबा, आता झोप.

झिपच्या भानगडीत पडायचं नसेल तर टेमुरिनची एमएसआय फाइल, म्हणजे इन्स्टॉलर, घ्या, ती पाथ स्वतः लावते. इन्स्टॉल करताना जावा होम सेट करायचा एक पर्याय असतो, तो आपणहून निवडलेला नसतो, तिथं क्लिक करून चालू करून घ्या, पुढं मेव्हन वगैरे प्रोजेक्ट बांधून देणारी टूल तो विचारतात.

मधेच एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये मी एका क्लासात पैसे भरले होते. तिथल्या नोट्समध्ये अर्धा भाग ॲपलेटचा, म्हणजे ब्राउजरमध्ये चालणारे जावाचे छोटे प्रोग्राम. मी घरी येऊन चार दिवस ते ॲपलेट चालवायला बघतोय. क्रोमने त्याला लागणारा प्लगइनचा आधार २०१५ मध्येच काढला, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, आणि ॲपलेट व्ह्यूअर नावाचं टूल जावा ११ पासून जेडीकेमध्येच नाही. म्हणजे मी जे चालवायला बघत होतो ते चालवणारी वस्तूच माझ्या मशीनवर नव्हती. मला खूप वाईट वाटलं, पैशांचं नाही तेवढं चार दिवसांचं, कारण दुकान आठला बंद होतं आणि त्यानंतरचा वेळ हाच माझा वेळ. म्हणून पुस्तक किंवा क्लास निवडताना अनुक्रमणिका बघा, ॲपलेटवर मोठा धडा असेल तर ते खूप जुनं आहे असं समजा.

तर आता एडिटर. पहिला दीड महिना मी नोटपॅड प्लस प्लस आणि कमांड प्रॉम्प्ट एवढंच वापरलं, आणि आज परत सुरू केलं तर परत तेच करेन. हलकं, फुकट, ओपन सोर्स, रंग देतं, कंस जुळतात की नाही दाखवतं, आणि चार जीबीवर त्याचं ओझं जाणवतसुद्धा नाही. नेट लागत नाही. लाईट गेली तर बॅटरीवर तासभर आरामात काम. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताने कम्पाइल केल्यामुळे मला कळलं की पडद्यामागे काय चाललंय, क्लासचं नाव आणि फाइलचं नाव एकच का लागतं, कॅपिटल अक्षर चुकलं की का अडतं. जावा ११ पासून एक सोय आहे ती पुस्तकात नव्हती, एकाच फाइलचा प्रोग्राम असेल तर आधी जावासी न करता सरळ जावा हॅलो डॉट जावा म्हटलं तरी चालतं. आणि जेशेल. जावा ९ पासून जेडीकेबरोबरच येतो, कमांड प्रॉम्प्टवर जेशेल टाइप करायचं आणि एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघायचं, क्लास नाही, मेन नाही, काही नाही. हा मला कोणी आधी सांगितला असता तर किती बरं झालं असतं.

कारण माझा पहिला खरा धक्का जेशेलमध्ये कळला. काट्याचा प्रोग्राम लिहिला, ग्रॉस किलोत, टेअर किलोत, नेट १०२५० किलो आलं, आता टनात दाखवायला हजाराने भागलं, उत्तर १०. अडीचशे किलो गायब. काट्यावर अडीचशे किलो गायब झाले असते तर ट्रकवाल्याने खिडकीपाशी येऊन भांडण केलं असतं. जेशेलमध्ये बसून १०२५० भागिले १००० टाकलं, १० आलं, १०२५० भागिले १०००.० टाकलं, १०.२५ आलं. दोन्ही पूर्णांक असले की जावा भागाकारही पूर्णांकच देते, अपूर्णांक टाकून देते. मग म्हटलं सगळंच दशांशात ठेवू, तर ०.१ अधिक ०.२ टाकल्यावर ०.३०००००००००००००००४ आलं. कम्प्युटर आत सगळं दोनच्या हिशेबात ठेवतो त्यामुळे ०.१ तिथं बरोब्बर मावत नाही. शेवटी ठरवलं की वजन किलोच्या पूर्णांकातच ठेवायचं आणि टन फक्त पावतीवर छापताना काढायचे. काट्यावरच्या मशीनलासुद्धा किलोचाच आकडा असायचा, आणि तो तसा का असावा ते मला इतक्या वर्षांनी इथं समजलं.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत भाची घरी आली, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या आणि दुपारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो, म्हणाली मामा आता आयडीई घे, कोणी नोटपॅडवर काम करत नाही. आयडीई म्हणजे लिहायचं, कम्पाइल करायचं, चालवायचं सगळं एकाच ठिकाणी असलेलं टूल. मग सुरू झाली निवडानिवडी.

आधी इंटेलिजे आयडिया, कारण तिच्या वर्गात सगळे तेच वापरतात. जेटब्रेन्सचं आहे, त्याची कम्युनिटी आवृत्ती २००९ पासून फुकट आणि ओपन सोर्स आणि धंद्यालाही चालणारी, आता २०२५ च्या शेवटी त्यांनी कम्युनिटी आणि पैशांची अल्टिमेट असे दोन वेगळे डाउनलोड बंद करून एकच केलंय, सुरुवातीच्या कामाला लागतं ते त्यात फुकटच राहतं. पण ते आठ जीबी रॅमच्या हिशेबाने बनवलेलं, आणि माझा लॅपटॉप चारचा. उघडलं की इंडेक्सिंग सुरू, पंखा सुरू, माउस अडकत अडकत. लॅपटॉपची कुवत नव्हती, टूलचा दोष नाही.

मग व्हीएस कोड. डाउनलोड छोटं, उघडतो पटकन, मला वाटलं हेच. पण जावासाठी वर एक्स्टेन्शन पॅक टाकावा लागतो, आणि तो टाकला की मागे जावाचा लँग्वेज सर्व्हर, म्हणजे लिहिता लिहिता कोड तपासणारा प्रोग्राम, चालू होतो, जो मुळात एक्लिप्सच्याच कोडवर बांधलेला आहे, आणि तोही रॅम मागतोच. म्हणजे हलका एडिटर हे जावाच्या बाबतीत अर्धंच खरं. पायथॉन, जावास्क्रिप्टपण शिकायचं असेल तर एकच टूल सगळीकडे म्हणून तो चांगला आहे, माझं तसं काही नव्हतं. लायसन्सच्या बाबतीत काटेकोर असाल तर त्याच कोडमधून बांधलेलं व्हीएसकोडियम आहे, त्यात मायक्रोसॉफ्टला माहिती पाठवायचा भाग नसतो.

एक्लिप्स. आयबीएमने २००१ मध्ये सुरू केलेलं, २००४ पासून फाउंडेशनकडे. माझ्या मशीनवर इंटेलिजेपेक्षा बरं चाललं. पण पहिल्यांदा उघडल्या उघडल्या वर्कस्पेस कुठं ते विचारतं, मग पर्स्पेक्टिव्ह, व्ह्यू, एवढे शब्द एकदम आले की मी प्रोग्रामपेक्षा त्या शब्दांनाच जास्त वेळ दिला. कंपनीत जुन्या कामावर लागलात तर एक्लिप्स भेटेलच, तेव्हा शिकता येतं.

नेटबीन्स मला मनापासून आवडलं. १९९६ मध्ये प्रागमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, मग सनने घेतला, ओरॅकलकडे गेला, २०१६ मध्ये अपाचे फाउंडेशनला दिला, आता अपाचे नेटबीन्स. मेनू सरळ, खिडक्या आणि बटणं माउसने ओढून बनवता येतात. पण पहिल्याच दिवशी नवा प्रोजेक्ट केला, मेव्हन निवडलं गेलं, बिल्ड दाबलं आणि अडकलं, कारण मेव्हनला पहिल्या वेळी त्याचे प्लगइन नेटवरून आणावे लागतात, आणि त्या दुपारी पाऊस एवढा की नेट नव्हतंच. माझा कोड पाच ओळींचा, त्याला बाहेरचं काहीच लागत नव्हतं, तरी काम थांबलं. एकदा आणलं की ते आपल्या मशीनवर एम टू नावाच्या फोल्डरमध्ये राहतं, परत लागत नाही, पण नव्या माणसाला हे कुठं माहीत. नेटबीन्समध्ये नवा प्रोजेक्ट करताना जावा विथ अँट असाही पर्याय आहे, नेट नसेल तर तो घ्या. रेंज नसलेल्या गावात बसून शिकणाऱ्यांसाठी हे मी ठळक करून सांगतोय.

ह्या सगळ्या टाकाटाकीत पंधरा-वीस दिवस गेले, एक ओळ नवी शिकलो नाही.

मग एक दिवस दुकानातून रजा टाकून कदंबाच्या बसने पणजीला गेलो, स्टँडवर उतरून पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत. जावाची पुस्तकं काढून बसलो आणि एका पुस्तकात ब्लूजेची चित्रं दिसली. हे नाव मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. ब्लूजे शिकवण्यासाठीच बनवलंय, १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीत सुरू झालं, आता लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये सांभाळतात, फुकट आणि ओपन सोर्स, विंडोजचा इन्स्टॉलर जेडीके बरोबरच घेऊन येतो म्हणजे पाथची भानगडच नाही. चार जीबीवर चाललं, आणि बरं चाललं.

आणि त्यात मला ऑब्जेक्ट कळला. इतके महिने क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू असं पाठ केलं होतं, कळलं नव्हतं. ब्लूजेत क्लास म्हणजे पडद्यावर एक चौकट दिसते. मी पावती नावाचा क्लास केला, त्यात गाडी नंबर, ग्रॉस, टेअर. त्या चौकटीवर राइट क्लिक करून न्यू म्हटलं की खाली एक लाल गोटी येते, ती एक पावती. परत न्यू, दुसरी पावती. दोन गोट्या शेजारी शेजारी. एकीवर राइट क्लिक करून नेट काढ म्हटलं, १०२५०. दुसरीवर म्हटलं, ९८८०. मेन मेथड, जिथून एरवी प्रोग्राम सुरू होतो, ती लिहिलीच नाही. डबल क्लिक केलं की गोटीच्या आतले आकडे दिसतात. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. काट्यावर पावतीपुस्तकाचं कोरं पान आणि भरलेली पावती ह्यात जो फरक, तोच हा, आणि तो मला डोळ्यांनी दिसत होता. नव्या माणसाला मी आज डोळे मिटून हेच सांगतो, आधी थोडे दिवस साधा एडिटर आणि जेशेल, मग क्लास-ऑब्जेक्ट आलं की ब्लूजे. भाचीचं मत वेगळं आहे, ती म्हणते ब्लूजे नोकरीत कोण विचारत नाही. बरोबर आहे, पण नोकरीच्या आधी कळायला पाहिजे ना.

ब्लूजे कमी पडायला लागलं तेव्हा कारण स्पष्ट होतं, फायली बारा झाल्या, नावं बदलायची तर सगळीकडे हाताने, आणि दिवसाच्या बेरजेत कुठं तरी चूक येत होती ती मला पायरीपायरीने बघायची होती. त्यासाठीचं टूल म्हणजे डीबगर. तो ब्लूजेतही आहे, पण मोठ्या आयडीईत ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे हव्या त्या ओळीवर प्रोग्राम थांबवून, सगळे आकडे एकाच वेळी बघता येतात. म्हणून आयडीई घ्यायची ती डीबगर आणि रीनेम लागायला लागलं की, नुसतं अक्षरं पुरी करून देतं म्हणून नको. अर्धं नाव टाइप करताच यादी पुढं येते ती सुरुवातीला गोड वाटते पण मला तरी त्याने नावं लक्षात राहिनात.

दिवाळीचा बोनस मिळाला त्यातून लॅपटॉपमध्ये आणखी चार जीबीची पट्टी टाकली आणि साध्या डिस्कच्या जागी एसएसडी. त्यानंतर इंटेलिजे व्यवस्थित चाललं. जे पहिल्या दिवशी टाकून दिलं होतं तेच आता रोज उघडतो.

एक हौस राहिली होती, पावती मराठीत छापायची. कोडमध्ये निव्वळ वजन असं देवनागरीत लिहिलं, कमांड प्रॉम्प्टवर प्रश्नचिन्हांची रांग आली. मला वाटलं जावाला मराठी येत नाही. उलट आहे, जावा पहिल्यापासून युनिकोडवर, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं धरणाऱ्या पद्धतीवर, उभी आहे, आणि १८ पासून फायलींसाठी त्यातलं यूटीएफ आठ हेच ठरलेलं आहे. अडचण त्या काळ्या खिडकीची होती, इंटेलिजेच्या आउटपुटमध्ये तेच अक्षर न् अक्षर नीट आलं. एक बारकावा, फाइल सेव्ह करताना यूटीएफ आठ विथ बॉम निवडलं (बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लागणारी न दिसणारी खूण) तर जावासी पहिल्याच ओळीला इल्लीगल कॅरेक्टर म्हणून अडतो आणि डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही, त्यामुळे बॉम नसलेलंच निवडा. मग सहज म्हणून व्हेरिएबलचं नावच वजन असं देवनागरीत ठेवून बघितलं. कम्पाइल झालं, चाललं. भाची म्हणाली टीममध्ये असं करायचं नसतं. ठीक आहे, टीममध्ये नाही करणार, पण माझ्या ह्या प्रोग्राममध्ये वजन आहे, गाडी आहे, पावती आहे, आणि ते वाचताना मला डोक्यात भाषांतर करावं लागत नाही.

आता वाड्यावरची दोन मुलं येतात संध्याकाळी, एक बारावीतला, एक आयटीआयवाला. त्यांच्या मशीन माझ्यापेक्षाही जुन्या. पेनड्राइव्हवर टेमुरिनची एमएसआय, नोटपॅड प्लस प्लस आणि ब्लूजेचा इन्स्टॉलर ठेवलेत, नेट असलं काय नसलं काय. कोणाची मशीन पुढं आली की आधी एक्स्टेन्शनची टिक करतो, मग व्हेअर जावा मारून बघतो किती ओळी येतात ते.